रुमी मस्तकी चेहऱ्याला लावण्याआधी

रुमी मस्तकी आपल्याकडे आजवर ओळखीची होती ती पोटासाठी. युनानी हकिमांची जवारिश मस्तगी अजूनही अपचनावर दिली जाते, आणि काष्ठौषधींच्या दुकानात तिचे पिवळसर, काचेसारखे खडे तोळ्या-मासाच्या हिशेबानं मिळतात. आता तीच मस्तकी क्रीममध्ये, सीरममध्ये, फेसमास्कमध्ये आली आहे. डबीवर ‘ग्रीसचं प्राचीन सौंदर्यरहस्य’ असलं काहीतरी छापलेलं असतं आणि किंमत अशी, की रहस्य गुपितच राहिलेलं बरं. घ्यायचं तर जरूर घ्या. पण पैसे कशाचे मोजतोय ते कळायला हवं.

पैसे मुख्यतः कष्टांचे आहेत. मस्तकी ही एका झुडपाची राळ. पिस्त्याच्या जातकुळीतलं हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठानं जागोजागी उगवतं, पण नावाजलेली राळ येते ती एजियन समुद्रातल्या खिओस या ग्रीक बेटावरून, तीही बेटाच्या दक्षिणेकडच्या पिर्गी, मेस्ता, ओलिंपी अशा गावांतून. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढऱ्या चुनखडीच्या मातीचा थर देतात. मग खोडाला आणि जाड फांद्यांना टोकदार हत्यारानं बारीक चिरा पाडतात. चिरेतून राळ पाझरते, खालच्या पांढऱ्या मातीवर ठिबकते आणि दोन-तीन आठवड्यांत सुकते. ते खडे वेचायचे, चाळायचे, धुवायचे. थंडीत गावातल्या बायका एकत्र बसून चाकूच्या टोकानं एकेका खड्याची माती खरवडतात. तांदूळ निवडण्याहून किचकट काम. एवढं करून एका झाडामागे वर्षाला शे-दीडशे ग्रॅम माल हाती लागतो. 1997 साली युरोपीय संघानं या मालाच्या नावाला संरक्षण दिलं आणि 2014 मध्ये युनेस्कोनं मस्तकीच्या लागवडीचं कसब अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

तेव्हा मस्तकी महाग आहे ती या मेहनतीपायी. महाग आहे म्हणून तोंडावरच्या सुरकुत्या जातील, हा हिशेब मात्र जाहिरातवाल्यांचा.

मग त्वचेला तिचा उपयोग काहीच नाही का? तसंही नाही. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस चेहऱ्याच्या लेपांत मस्तकी घालण्याचं सांगतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2015 मध्ये किरकोळ जखमा आणि त्वचेचा किरकोळ दाह यांसाठी तिचा वापर मान्य केला. पण तो ‘पारंपरिक वापर’ या सदरात, म्हणजे लोक फार वर्षं वापरत आले आहेत या आधारावर. मोठ्या चाचण्यांत गुण सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ही मान्यता प्रौढांपुरती आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी, गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी पुरेशी माहिती नसल्यानं वापर नको, असंच म्हटलं आहे. मुरुमांनी हैराण झालेल्या नववी-दहावीतल्या मुलीला हौसेनं हे सीरम आणून देणाऱ्या आईनं हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता आपल्याला सहज पटेल अशी गोष्ट. मस्तकीचं झाड ज्या कुळातलं, त्याच कुळात काजू, आंबा आणि बिब्बा आहेत. बिब्बा उतला की काय होतं आणि आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होतं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मस्तकी तशी जहाल नाही, बहुतेकांना ती सोसते. तरीही तिची अ‍ॅलर्जी होणारी माणसं आहेत. शस्त्रक्रियेनंतर पट्टी नीट चिकटावी म्हणून कातडीला मस्तकीयुक्त द्रव लावतात, त्यानं पुरळ उठल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य म्हणूनच डोक्यातून काढून टाका. बिब्बाही नैसर्गिकच आहे.

घरी खडे कुटून पाण्यात लेप करण्याच्या भानगडीत पडू नका. राळ पाण्यात विरघळत नाही. लेपात कण तसेच राहतात आणि चेहऱ्यावर चोळले की ओरखडे काढतात. स्पिरिटमध्ये विरघळवली तर कातडी कोरडी पडते आणि वर चिकट पापुद्रा बसतो. तैलचित्रांवर वार्निश म्हणून मस्तकी वापरायचे, ते काही उगीच नाही! क्रीम लावल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटत असेल, तर तो निव्वळ असा पापुद्रा नाही ना, हे तोंड धुतल्यावर बघा.

दुकानातून खडे आणलेच, तर भेसळ ओळखायची जुनी युक्ती आहे. एक खडा चावून बघा. खरी मस्तकी आधी फुटते, मग तोंडातल्या उबेनं मऊ होऊन पांढरट च्युइंगगमसारखी होते. नुसता भुगा झाला तर ती सँडरॅक नावाची दुसरीच राळ. पाइनची राळही मिसळतात, आणि त्या राळेची अ‍ॅलर्जी तर बऱ्याच जणांना असते.

डबीच्या बाबतीत नाव सोडा, मागची यादी वाचा. तिथे ‘पिस्टेशिया लेंटिस्कस गम’ असं लिहिलेलं हवं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. फक्त एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही लिहिता येतात. मस्तकी सुगंधी द्रव्यांच्या आणि रंगांच्या शेजारी, अगदी तळाला असेल, तर पुढच्या बाजूचं मोठं नाव आणि आतला माल यांचा फारसा संबंध नाही.

चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा, असं आठवडाभर करा. दहा मिनिटांची चाचणी पुरत नाही, कारण अशी अ‍ॅलर्जी पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी उमटते. खाज, लाली, पुरळ यांतलं काही दिसलं तर ती डबी कितीही महाग असो, बाजूला ठेवा. त्रास उतरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि जाताना डबी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना घटकांची यादी बघता येईल.