डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

आमच्या फडताळात पत्र्याचा एक डबा आहे. रेशनकार्ड, लाइटबिले आणि उरलेल्या गोळ्या, सगळे त्यातच. परवा शेजारच्या वहिनी आल्या. "पोराला ताप आहे. मागे तुमच्या थोरल्याला दिलेल्या कॅप्सूल उरल्यात का?" आम्ही डबा उघडला, पण कॅप्सूल दिल्या नाहीत. वहिनींना राग आला. त्यांचेही खरेच होते. दवाखान्याच्या रांगेत बसायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

मग आम्ही नाही का म्हटले? त्या कॅप्सूल अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविकाच्या होत्या. हे औषध जिवाणूंना मारते. सर्दी-पडसे, फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांवर ते चालत नाही. विनाकारण घेतले, किंवा जरा बरे वाटताच मनानेच सोडले, तर कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, वाढतात. पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिकाच्या भाषणात, हा धोका सांगितला होता. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ही गोष्ट माणसांपुरतीच नाही. दुसरे काही चालेना की माणसाला अगदी शेवटी द्यायचे औषध म्हणजे कॉलिस्टिन. कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून ते खाद्यात मिसळले जाई! २०१९ साली केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. गावाकडे म्हशीच्या कासेला सूज आली की अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात. त्यानंतर जनावरांचे डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात किंवा डेअरीत जाता कामा नये. पाण्याचीही तीच तऱ्हा. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी साफ करणारे केंद्र आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध रोग्याच्या रक्तात असते त्याहून जास्त आढळले, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. माणूस, जनावर, पाणी. जंतूंना वेस नसते.

स्वस्तातली गोळी निकामी झाली की महागडी इंजेक्शने येतात, दवाखान्यातला मुक्काम वाढतो. पैसेवाला ते निभावून नेतो. आपल्याला सावकाराचे दार गाठावे लागते. म्हणून भगिनींनो, पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सांगितले तेवढे दिवस, सांगितल्या वेळी घ्या. उरलेली दुसऱ्याला देऊ नका, गटारातही टाकू नका. तिचे काय करायचे ते औषधाच्या दुकानात विचारा. आणि हात धुणे, पाणी उकळणे, मुलांच्या लसी वेळेवर देणे हे विसरू नका. आजारच टळला तर औषध लागतेच कशाला?

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेल्या आणि पोराला घेऊन रांगेत आम्ही बसलो. डॉक्टरांनी तपासून सांगितले, साधा फ्लू आहे. आराम द्या, पातळ पाजा, ताप उतरला नाही तर परत आणा. अँटिबायोटिक दिले नाही. चौथ्या दिवशी पोरगा अंगणात खेळत होता.

नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, रांगेत कुणीतरी बसावे लागते. प्रत्येक वस्तीत आळीपाळीने एवढे करता येणार नाही का?