काखेत कळसा, पानाला वळसा

विकिपीडियावर आपल्या गावाचे पान सुधारायला बसले की हात आवरत नाही. जबलपूरचेच पान घ्या. नर्मदेला दुवा दिला, भेडाघाटला दिला, मग जबलपूरला का नको? म्हणून तोही शब्द दुहेरी चौकटी कंसात घालून पान जतन केले, तर काय दिसते? बाकीचे दुवे निळे झाले, पण ‘जबलपूर’ नुसताच ठळक. कितीही टिचक्या मारा, पान हलत नाही!

यात बिघाड काही नाही. दुवा म्हणजे दुसऱ्या खोलीचे दार. उभे आहोत त्याच खोलीत उघडणारे दार काय कामाचे? म्हणून विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती पानाचे स्वतःचे नाव ओळखते आणि दुव्याऐवजी ठळक अक्षरे दाखवते.

याचा फायदाही आहे. मध्य प्रदेशातल्या शहरांची एकच यादी भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर अशा सगळ्या पानांच्या तळाशी लावता येते. ज्या पानावर आपण असू, तेवढेच नाव ठळक होते. ‘आपण येथे आहात’ हे वाचकाला न सांगता कळते. लांबलचक पानात मात्र स्वतःकडे नेणारा दुवाही उपयोगी पडतो. कंसात हॅशचे चिन्ह आणि त्यापुढे ‘इतिहास’ लिहिले, की टिचकीसरशी त्याच पानावरचा तो विभाग समोर येतो.

खरी गफलत होते ती ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, तर हिंदीत ‘जबलपुर’ ऱ्हस्व. हिंदी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांच्या हातून ऱ्हस्वच लिहिला जाणार. प्रणालीला मात्र ही दोन वेगळी नावे वाटतात. ऱ्हस्व नावाचे पान नसेल तर दुवा लाल दिसतो, कुणीतरी उत्साहाने त्या नावाचे नवे पान सुरू करतो आणि एका शहराची माहिती दोन ठिकाणी विभागली जाते. ऱ्हस्व नावावरून मूळ पानाकडे वळवण्याची सोय, म्हणजे पुनर्निर्देशन, केलेली असेल तर दुवा निळा दिसतो. वाचक टिचकी मारतो आणि फिरून त्याच पानावर येतो!

ते पुनर्निर्देशन काढू नका, कारण हिंदी वळणाने शोधणाऱ्याला तेच वाट दाखवते. पानाच्या मजकुरात मात्र ‘जबलपूर’ असेच लिहा, दुव्याशिवाय. जतन करण्यापूर्वी झलक पाहा आणि निळा दुवा कुठे नेतो ते एकदा तपासा.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया तुमच्या-आमच्यासारख्यांच्या फावल्या वेळावर उभा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या गावांविषयी मराठीत लिहायला तिथल्या मराठी घरांइतके जाणते दुसरे कोण? तेव्हा जरूर लिहा, फक्त वाचकाला वळसा घालायला लावू नका.