बोलण्यातील जमा-नावे

निखत झरीन ही नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबादची कन्या. मे २०२२ मध्ये इस्तंबूल येथे ५२ किलो वजनगटात तिने मुष्टियुद्धाचे जागतिक विजेतेपद मिळविले आणि पुढच्याच वर्षी नवी दिल्लीत ५० किलो गटात पुन्हा जिंकले. या यशाची जमा बाजू सर्वांस ठाऊक आहे. नावे बाजू मात्र फारशी कोणी वाचत नाही.

वडील स्वतः खेळाडू असल्याने त्यांनी मुलीला अडविले नाही. परंतु आखूड पोशाख घालावा लागतो असा खेळ मुलीने खेळू नये, असे नातेवाईक व स्नेही त्यांना सुचवीत. सुरुवातीच्या काळात निखत सुजलेल्या चेहऱ्याने घरी परतली, तेव्हा आईला रडू कोसळले. हिच्याशी लग्न कोण करणार, ही तिची चिंता. नाव झाले की स्थळे आपणहून येतील, अशी मुलीनेच आईची समजूत घातली.

जखम चेहऱ्याला होती. प्रश्न लग्नाचा निघाला. असा प्रश्न कोणत्याही आईला एका दिवसात सुचत नाही. लग्नकार्यात, दुकानाच्या पायरीवर, चहाच्या कपासोबत तो वर्षानुवर्षे कानी पडलेला असतो. “उन्हाने किती काळवंडली!”, “अजून खेळतेच का?”, “सासरी गेल्यावर सुटेलच म्हणा.” यात शिवी नाही, मनाईही नाही, उलट आपुलकीच दिसते. म्हणूनच त्यास उत्तर देता येत नाही. मुलीला कोणी थांबवीत नाही; सकाळच्या सरावाला सोबत जाणारे मात्र हळूहळू कमी होतात.

निखतने कनिष्ठ गटातील जागतिक सुवर्णपदक २०११ मध्ये जिंकले होते. तेथून इस्तंबूलपर्यंत अकरा वर्षे गेली. मध्ये २०१७ साली खांद्याची दुखापतही झाली. कौतुक पदकाच्या दिवशी येते. शेरे मात्र पदक नसलेल्या वर्षांत येतात. त्या काळात घरच्या माणसांचा विश्वास हेच खेळाडूचे भांडवल असते.

किरकोळ खर्च रोज टिपला नाही, तर वर्षअखेरीस शिल्लक जुळत नाही, हे व्यापारी घराण्यांना सांगावयास नको. सहज उच्चारलेल्या वाक्याचेही तसेच आहे. ज्या मुली टिकल्या त्यांची नावे वृत्तपत्रांत येतात. ज्यांनी शाळेनंतर बूट माळ्यावर टाकले, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. आपण मुलीला कधीच नाही म्हटले नाही, असे त्यांची घरे प्रामाणिकपणे सांगतात, आणि ते खरेही असते.

हित, मित व प्रिय बोलण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, तेथे उपाय अवघड नाही. खेळून आलेल्या मुलीला रंग वा लग्न यांविषयी न विचारता, आजचा सामना कसा झाला, एवढेच विचारावे. आणि पाहुण्याने शेरा मारलाच, तर वडीलधाऱ्यांनी तो मुलीच्या देखत, शांतपणे, परत करावा.