लेकराचे काळीज आणि शाल-श्रीफळाची संध्याकाळ

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. मंगल कार्यालय गच्च भरलेले, ऑर्केस्ट्रा बाहेरून आणलेला, पुढच्या दोन रांगा देणगीदारांसाठी राखीव. गरिबांच्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी निधी उभा करायचा होता. चार गाणी झाली आणि निवेदकाने एका बाईला तिच्या सहा-सात वर्षांच्या मुलीसह मंचावर बोलावले. बाई ऊसतोडीला जाणारी. मुलीचे ओठ जांभळट. चार पायऱ्या चढून वर आली आणि मंचाच्या मधोमध मटकन उकिडवी बसली. निवेदकाला वाटले, पोर लाजली. तो हसला, लोकही हसले. जन्मतः हृदयात दोष असलेली काही मुले दम लागला की अशीच उकिडवी बसतात, त्याने त्यांना जरा बरे वाटते, हे आम्हाला नंतर एका डॉक्टरांकडून कळले. त्या रात्री सभागृहात ते कोणालाच कळले नाही. निवेदक सांगत राहिला, "या माउलीकडे पैसे नाहीत, पण तुमच्याकडे मोठे मन आहे." माउलीने पदर तोंडाला लावला. टाळ्या झाल्या, आकडे पुकारले गेले आणि मग शाल-श्रीफळाचा कार्यक्रम गाण्यांपेक्षा जास्त वेळ चालला.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. ती आज जिवंत आहे, शाळेत जाते. तेव्हा ज्यांनी पैसे दिले त्यांची टिंगल करायला आम्ही हा लेख लिहीत नाही. परंतु त्या रात्री परतताना आमच्यासोबतच्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न अजून आमच्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "दादा, त्या लेकराला येवढ्या लोकांपुढं उभं करायची काय गरज व्हती?"

गरज होती का, याचाच विचार आज आम्हाला वाचकांसोबत करायचा आहे.

दानातून मुलांची हृदये दुरुस्त होतात, हे नाकारता येत नाही. गायिका पलक मुच्छल यांनी इंदूरला लहानपणापासून गाण्याचे कार्यक्रम करून पैसा उभा केला आणि त्यातून आजवर तीन हजारांहून अधिक मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या. २००३ साली लाहोरची दोन वर्षांची नूर फातिमा बसने सरहद्द ओलांडून भारतात आली आणि बंगळुरूला डॉ. देवी शेट्टी यांच्या रुग्णालयात तिचे हृदय दुरुस्त झाले. दोन्ही देशांतले सामान्य लोक त्या पोरीसाठी हळहळले. रोटरीच्या मंडळींनी १९७५ साली युगांडाच्या एका लहान मुलीला न्यूयॉर्कला नेऊन तिच्यावर शस्त्रक्रिया करवली, त्यातून 'गिफ्ट ऑफ लाइफ' हे काम उभे राहिले आणि अनेक देशांत पसरले. तिकडच्या सभागृहांत अशा संध्याकाळी होतात तेव्हा आपल्याकडचे लेकरू हे 'परदेशातले गरीब मूल' असते. त्या पैशाने मुले वाचतात. माणुसकीला सरहद्द नसते, हे तथागतांच्या अनुयायांना कोणी शिकवायला नको.

पण आता हिशेब मांडू. जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळे जन्मतात आणि त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. एका कलावंताने आयुष्य वेचून तीन हजार मुले वाचवली, तिला आमचा जयभीम! परंतु वर्षाला दोन लाखांचा प्रश्न ऑर्केस्ट्राने सुटेल काय? मंचावर एक मूल चढते तेव्हा किती मुले कोणाच्या नजरेस न पडताच जातात?

शासनाने काहीच केले नाही, असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये देशात सर्वप्रथम आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत वर्षातून एकदा, आणि दोष सापडला तर उपचार मोफत करायचे, असा तो कार्यक्रम. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका असे पथक गाडीने गावोगाव फिरते. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. त्याआधी २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये विम्याची मर्यादा कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसवलेला असतो. म्हणजे त्या मुलीच्या शस्त्रक्रियेचा पैसा सरकारी तिजोरीत तिच्या नावाने आधीच होता. मग ती मंचावर का?

याचे उत्तर बीड जिल्ह्याच्या पंचांगात आहे. दसरा-दिवाळी झाली की इथल्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसे बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये संसार घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि लेकरू कोपीत. या सहा महिन्यांत तपासणीचे पथक गावच्या अंगणवाडीत आले तर पटावर नाव असते, पोर नसते. कारखान्याच्या तळावर पथक गेले तर पोर असते, पण त्याचे नाव कोणत्याच पटावर नसते. पथक आपले काम करते, कागद पूर्ण होतो आणि दोन कागदांच्या मधल्या फटीतून आमचे लेकरू निसटते. या जिल्ह्यात उसाच्या फडाला जाणाऱ्यांत दलित, भटके-विमुक्त, वंजारी असे सगळे कष्टकरी आहेत. ज्यांना जमीन नाही किंवा असून पाणी नाही, त्यांची ही वाट आहे.

दोष सापडला तरी पुढचा रस्ता सोपा नाही. बीडहून बहुतेक मुले शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याकडेच जातात. शस्त्रक्रिया मोफत, पण तिथवरचे भाडे, आईबापाचे पंधरा दिवसांचे खाणे, रुग्णालयाबाहेरचा मुक्काम मोफत नाही. त्यात फडावर खाडा पडला तर दंड, आणि अंगावर उचल फिटायची आहे. शिधापत्रिका गावात पेटीत, पोर सांगलीच्या तळावर. मग मुकादम म्हणतो, "सीझन संपू द्या, मग दवाखान्याचं बघू." ज्या बाळाला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया हवी, त्याचा सीझन तोवर संपलेला असतो.

याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट आठवा. २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने ऊसतोड महिलांची पाहणी करवली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. बाईचे गर्भाशय काढायला वैद्यकशास्त्र फडापर्यंत धावत गेले, तिच्या लेकराची छाती तपासायला मात्र त्याला रस्ता सापडेना! ज्या उपचाराने कामातला खाडा टळतो तो झटपट मिळतो आणि ज्याने खाडा पडतो तो मिळत नाही, हे यातून दिसते.

आणखी एक आजार आहे, त्यासाठी तर कोणी संध्याकाळ करत नाही. दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांचा घसा वारंवार सुजतो, त्याकडे दुर्लक्ष झाले की काही मुलांना सांधेदुखीचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. वेळेवर ओळखले तर तीन-चार आठवड्यांनी एक पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देऊन हे थांबवता येते. औषध जुने आहे, स्वस्त आहे. परंतु इंजेक्शनला टाळ्या मिळत नाहीत आणि एकाच तळावर न राहणाऱ्या पोराला ते नियमित कोण देणार? दहा वर्षांनी तेच पोर झडप बदलण्यासाठी मदत मागत मंचावर येते.

मुलगी असेल तर तिच्यापुढे आणखी एक भिंत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली जेमतेम आठशेच्या घरात होत्या. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलग्यांवर ती झाली, मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांवर. छातीवर व्रण राहील, मग लग्न कसे व्हायचे, अशी आईबापांची भीती असते. ती भीती आपल्या वस्तीत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

वाचक बंधू-भगिनींनो, ओठ निळे पडणाऱ्या मुलांवरची पहिली मोठी शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. डॉ. हेलन टॉसिग यांनी दुखणे ओळखले, डॉ. ब्लॅलॉक यांनी सुरी धरली. त्यांच्या पाठीमागे स्टुलावर उभा राहून एक एक टाका सांगणारा माणूस होता व्हिव्हियन थॉमस. काळा, सुतारकाम केलेला, डॉक्टरकीच्या शिक्षणाला पैसे न पुरलेला. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया आधी त्याने सिद्ध केली होती. पगार मात्र त्याला झाडूवाल्याच्या श्रेणीत मिळे. शोधनिबंधावर त्याचे नाव नव्हते. इतकेच नव्हे, पोट भागेना म्हणून ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत तो पाहुण्यांना पेले भरून देई. १९७६ साली विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. म्हणजे ज्याच्या हाताने ही विद्या जन्मली, तो त्या संध्याकाळी पेल्यांचे तबक घेऊन उभा होता. आपल्याला हे चित्र परके वाटते काय?

बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी चार लेकरे गमावली. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ च्या जुलैत राजरत्न. ते दुःख बाबासाहेबांनी मंचावर मांडले नाही, कायद्यात उतरवले. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाईला विश्रांती मिळावी, त्याचा मोठा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही जबाबदारी घ्यावी, अशी त्यांची मांडणी होती. १९३२ च्या नोव्हेंबरात तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना पत्र लिहिले. अस्पृश्यांच्या उद्धारासाठी निघालेल्या संघाने निवडक माणसांच्या सुधारणेवर शक्ती खर्चण्यापेक्षा पाणवठा, शाळा, चावडी यांवरच्या नागरी हक्कांसाठी झगडावे, असे त्यांनी सुचवले. संघाने ते मानले नाही. पुढची वाट बाबासाहेबांनी वेगळी धरली, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

मग आपण दान करायचेच नाही काय? असे आम्ही म्हणणार नाही. दान ही बुद्धाच्या धम्मातली पारमिता आहे. पण ज्या दानाने घेणाऱ्याची मान खाली जाते, त्यात करुणा कमी आणि मिरवणूक जास्त असते. १४ एप्रिलसाठी आपण वस्तीवस्तीतून वर्गणी काढतो. त्यातला किती पैसा डीजेच्या भिंतीला जातो, हे सांगायला हिशेबनीस नको. परळी, माजलगाव, केज, धारूर, गेवराईच्या जयंती मंडळांना आमची विनंती आहे. त्यातला एक वाटा बाजूला काढा, तो शस्त्रक्रियेसाठी नको, शस्त्रक्रियेच्या वाटेसाठी ठेवा. गाडीभाडे, आईबापाचे जेवण, बुडालेला रोज. तो पैसा घरी नेऊन द्या, मंचावर नको आणि फोटो तर नकोच.

आणि दसऱ्याआधी एक काम करा. वस्तीतल्या फडावर जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलांची यादी करा. दूध पिताना थांबणारे, कपाळाला घाम येणारे, वजन न वाढणारे, पुन्हा पुन्हा छाती भरणारे, ओठ-नखे निळी पडणारे मूल असेल तर नजर लागली म्हणून अंगारा लावत बसू नका. तपासणी पथकाला ट्रॅक्टर निघायच्या आधी गावात बोलवा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी १९७४ पासून उभे असलेले स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुलांच्या हृदयाची तपासणी तिथे बारा महिने व्हावी, ही मागणी मोर्चात घ्या. कारखान्याच्या तळावर पथक गेलेच पाहिजे आणि त्याच्या सोयीचा खर्च ऊस गाळणाऱ्या कारखान्याने सोसला पाहिजे, ही मागणी तर बाबासाहेबांच्या १९२८ च्या भाषणातूनच निघते.

१९६८ च्या फेब्रुवारीत देशातले पहिले हृदयारोपण मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केले, डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले केल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. पण ते रुग्णालय होते महानगरपालिकेचे, करदात्यांच्या पैशावर चालणारे, गोरगरिबांनी रांग लावायचे. सार्वजनिक रुग्णालयात ती ताकद होती आणि असू शकते.

ती मुलगी आता दुसरीत आहे. परवा तिच्या आईची गाठ पडली. आम्ही विचारले, पोर कशी आहे? म्हणाली, "बरी हाय. पण शाळेतली पोरं तिला 'टाळ्यावाली' म्हणत्यात." डॉक्टरांनी तिच्या हृदयातला दोष दुरुस्त केला. हे नाव मात्र त्या संध्याकाळी तिला आपण सगळ्यांनी मिळून दिले. पुढच्या लेकराला ते मिळू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.