तासाला किती चढतंय?

ऑगस्टात सांगलीत कुणाला फोन लावला, तर ‘बरा आहेस ना?’ नंतर येतं. आधी ‘आयर्विनला किती झालं?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट पाणी म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इकडचा मुरलेला माणूस लगेच दुसरा प्रश्न टाकतो : तासाला किती चढतंय? 43 फूट आणि उतरतंय, तर चहा टाकायला हरकत नाही. 41 फूट आणि तासाला अर्धा फूट चढतंय, तर गॅसची टाकी आणि कागदपत्रं माळ्यावर.

2021 च्या जुलैतल्या एका रात्री मी मोबाइलवर पाणीपातळीचं एक पान उघडून बसलो होतो. दर दोन मिनिटांनी रिफ्रेश करायचो. आकडा बराच वेळ तोच. पाणी थांबलंय की पान झोपलंय, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मोजपट्टीचा फोटो आला. त्यावर ना तारीख, ना वेळ. तो आदल्या पुराचा निघाला.

कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी आपोआप मोजून पाठवणारी केंद्रं जलसंपदा विभागाने केव्हाच उभी केली आहेत. मोजमाप आहे, अडतं ते शेवटच्या टप्प्यात. समजा दहा हजार लोक दर पाच सेकंदांनी पान ताजं करताहेत. सेकंदाला दोन हजार विचारणा, तासाला 72 लाख. नोंद तासाला एक होत असेल, तर सर्व्हर 72 लाख वेळा घसा कोरडा करणार आणि दहा हजार घरांना नवी बातमी मिळणार एकच. असा सर्व्हर नेमका पुराच्या रात्री मान टाकतो.

यावरचा उपाय जुना आणि गरीब दिसणारा आहे : सर्व्हर-सेंट इव्हेंट्स. ब्राउझर एकदाच विचारतो, सर्व्हर उत्तर संपवतच नाही. वाट उघडी ठेवतो आणि नवी नोंद आली की एक ओळ खाली सोडतो. चॅटबॉटचं उत्तर शब्दाशब्दाने उमटताना दिसतं, त्यामागे बऱ्याचदा हीच युक्ती असते. मोठं टेंडर निघालं की कुणीतरी दुहेरी संवादाचं वेबसॉकेट आणि वर स्वतंत्र अ‍ॅप सुचवतोच. कशाला? आपल्याला वरच्या कोयना धरणाला उलट काही कळवायचं नाही. पाणी वरून खाली येतं, बातमीही तशीच येऊ द्या.

दहा हजार वाटा उघड्या ठेवायच्या तर प्रत्येकीवर एक माणूस उभा करून चालत नाही. इथे पाटाचं पाणी शेतोशेत फिरवणारा आपला पाटकरी आठवतो. एकाच वाफ्याच्या बांधावर तो भरेपर्यंत बसून राहत नाही. इथलं दारं मोडून पुढच्या शेताकडे निघतो, वेळ झाली की परततो. असिंक्रोनस सर्व्हर असाच चालतो. पायथन भाषेतल्या जँगो या वेब-चौकटीतही 4.2 आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल 2023 पासून, असा अखंड प्रतिसाद असिंक्रोनस पद्धतीने देता येतो. मात्र पाटकरी एका बांधावर तंबाखू मळत गप्पा मारत बसला, की सगळ्यांची पाळी चुकते. एखादी संथ डेटाबेस-विचारणा तिथे तशीच ठेवली की नेमकं हेच होतं.

दुसरी खोड वाटेतल्या बंधाऱ्याची. मधला प्रॉक्सी सर्व्हर थेंब थेंब साठवतो आणि भरला की एकदम सोडतो. प्रोग्रामर म्हणतो मी पाठवलं, माणूस म्हणतो मला आलं नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. हा प्रॉक्सी एन्जिनएक्स असेल तर त्याचं साठवणं, म्हणजे बफरिंग, त्या वाटेपुरतं बंद करायचं.

माझा खरा जीव आहे तो ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’वर. पुरात वीज जाते, टॉवर जातो, जोडणी तुटते. ती ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो आणि सर्व्हरला सांगतो, माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंत आलंय. सर्व्हरने मागच्या नोंदी जपल्या असतील, तर मधल्या सगळ्या तो रांगेने देतो. नुसता ताजा आकडा दिला असता तर 44 दिसलं असतं; 41, 42, 43, 44 असं वेळेसकट आलं, तर ‘तासाला किती चढतंय?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आणि काहीच नवं नसेल तेव्हाही दर पंधराएक सेकंदांनी एक रिकामी ओळ जाऊ द्यावी, म्हणजे मधली यंत्रं जोडणी तोडत नाहीत. पानाने मात्र ‘शेवटची नोंद किती वाजताची’ हे आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात दाखवावं.

यातून धोक्याचा भोंगा होत नाही, हेही सांगून ठेवतो. फोन खिशात गेला, पडदा विझला, की ब्राउझर ही वाट बंद करू शकतो. झोपलेल्याला उठवायला 2023 मध्ये आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचणीच्या वेळी आपले मोबाइल एकदम किंचाळले होते ना, तसलं काही हवं, आणि गल्लीत ओरडून सांगत फिरणारी रिक्षाही हवी. शिवाय मोजणी तासाला होत असेल, तर वाट कितीही उघडी ठेवली तरी बातमी तासालाच येणार. म्हणून पहिला खर्च मोजणीवर करा. कोयनेचा विसर्ग, कऱ्हाडची पातळी आणि आयर्विनची पातळी हे तिन्ही आकडे वेळेसकट एका पानावर आणा. उरलेलं काम एका चांगल्या प्रोग्रामरचं आहे, आणि ते उन्हाळ्यातच उरकायला हवं.