लगागा कोणाच्या मालकीचं?

सिंदी मेघेला भाची स्पर्धेतून रडवेली होऊन आली. मराठी गझल वाचली होती. परीक्षक म्हणाले, ‘तुमचा प्रकार उर्दूतला. मराठी वृत्तात लिही.’ घरात उलटंच: ‘अपनी ज़बान छोडके मराठी कायकू?’

दोस्तांनो, दोघांनीही मोजलं नाही. मी इंजिनिअर, मोजल्याशिवाय गप्प बसत नाही. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत: ओळीत लगागा ४ वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा. उर्दूत हेच फ़ऊलुन ४ वेळा, बहर मुतक़ारिब. इक्बालची ताऱ्यांपलीकडच्या दुनियांची गझल याच मापाची.

फरक उच्चारात आहे. उर्दूत शब्दाअखेरचा दीर्घ स्वर बऱ्याचदा दाबून लघू करतात. मराठी गझलेत ते खटकतं. भाचीच्या दोन ओळी तिथेच अडखळल्या होत्या. परीक्षकांनी ते दाखवलं असतं तर मी चहा पाजला असता. त्यांनी वृत्ताऐवजी आडनाव तपासलं.

माधव जूलियनांनी १९३३ साली ‘गज्जलांजली’ काढली. अमरावतीच्या सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून काफिया-रदीफ शिकवला. त्यांना कोणी ‘तुमचा प्रकार कोणता’ म्हणून अडवलं नाही. मग आमच्या पोरीलाच का?

दोन्ही ओळी तिने दुरुस्त केल्यात. पुढच्या स्पर्धेत तीच गझल वाचणार आहे.