आधी हजेरीपटावर नाव घाला!

अंतरवाली सराटीच्या गावकऱ्यांनो, अंबड-घनसावंगीच्या शेतकरी-मजुरांनो, जालन्याच्या भट्ट्यांपुढं घाम गाळणाऱ्या भावांनो,

८ मे २०२०, कोरोनाची टाळेबंदी, पहाटे सव्वापाच. बदनापूर आणि करमाड या स्टेशनांच्या मधे, रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसं जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला होती. भुसावळहून गावाकडं गाडी मिळेल असं त्यांनी ऐकलं होतं. पाससाठी अर्ज केले होते, उत्तर आलं नव्हतं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. रात्रभर रूळ धरून सुमारे ४० किलोमीटर चालले, पाय उचलेनात तेव्हा तिथंच पडले. रुळांमधे विखुरलेल्या त्यांच्या चपात्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का, हे मी विचारत नाही. ज्या गावानं आरक्षणाच्या आंदोलनात आपल्या माणसांच्या अंगावरचे लाठ्यांचे वळ पाहिले आहेत, त्या गावाला दुसऱ्याचं दुखणं शिकवावं लागत नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, आणि हे पत्रक संपेपर्यंत मी ती सोडणार नाही. ती गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्याच्या गेटावर, प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात, प्रत्येक बांधकामावर ऐकू येणारं हे वाक्य: “तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे.”

साथीत माणूस विषाणूनं मरतो तसा या वाक्यानंही मरतो. विषाणूवर लस निघाली. या वाक्यावर अजून इलाज झालेला नाही.

साथ ओसरल्यावर जागोजागी सत्कार झाले. समाज आणि उद्योग खांद्याला खांदा लावून लढले, असं व्यासपीठांवरून सांगितलं गेलं. उद्योगांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी मार्च २०२० मध्येच परवाने घेऊन सॅनिटायझर काढायला सुरुवात केली. धान्याचे किट वाटले गेले, निधीला धनादेश गेले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा तुटवडा पडला, तेव्हा केंद्रानं २२ एप्रिलपासून मोजकी क्षेत्रं सोडून उद्योगांचा ऑक्सिजन बंद केला आणि तो रुग्णालयांकडं वळवला. लोखंड कापणारा वायू माणसाच्या नाकाशी गेला. त्यानं जीव वाचले, हे कोणी नाकारू नये.

पण हे जमलं कशामुळं, ते नीट पाहा. सिलिंडर कोणाचा, कुठं आहे, कधी भरला, हे सगळं वहीत लिहिलेलं होतं. टँकर किती, ते कोणत्या रस्त्यानं येणार, हे माहीत होतं. म्हणूनच विशाखापट्टणमहून टँकर रेल्वेवर चढवून नागपूर-नाशिकला आणता आले. मोजलेली वस्तू संकटात सापडते. माणूस मोजलेला नव्हता, म्हणून तो हरवला.

किती हरवला? १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की टाळेबंदीत गावाकडं जाताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही. हे उत्तर आपल्या गावानं तरी विसरू नये. आरक्षणाच्या लढ्यात आपल्या राज्यानं निजामकाळातली दप्तरं उघडली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं बसवली, पणजोबांच्या लाखो नोंदी शोधून काढल्या. जिथं जनतेनं रेटा लावला तिथं शंभर वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. जिथं रेटा नव्हता तिथं चार महिन्यांपूर्वीचा मेलेला माणूस सापडला नाही.

आता “ठेकेदाराचा आहे” या वाक्याचा हिशोब कायद्यानं मांडू. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. ठेकेदारामार्फत परराज्यातून पाच किंवा अधिक मजूर आणले की तो लागू होत असे. त्यात लिहिलं होतं: मजूर भरती करताना त्याला महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता द्या. गावाहून येण्याचं आणि गावाला परतण्याचं भाडं द्या. प्रवासाच्या दिवसांची मजुरी द्या. राहायला नीट जागा द्या, औषधपाणी फुकट द्या. आणि सर्वांत महत्त्वाचं: ठेकेदारानं हे दिलं नाही, तर मूळ मालकानं द्यायचं.

म्हणजे “ठेकेदाराचा माणूस” ही सबब २०२० च्या ४१ वर्षं आधीच कायद्यानं रद्द केली होती. परतीचं भाडं ही कोणाची मेहेरबानी नव्हती, ते देणं होतं. तरी टाळेबंदीत लाखो माणसं पायी निघाली. देशभर रस्त्यांवर चालणाऱ्या त्या पायांचा अर्थ एवढाच, की ४१ वर्षांत हा कायदा गेटाच्या आत शिरू दिला गेला नाही.

आता तो कायदाही राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. पाच मजुरांची अट दहावर गेली. विस्थापन भत्ता गेला. येण्याजाण्याचं भाडं वर्षातून एकदा ठोक द्यायचं, एवढं राहिलं. साथीत ज्या मजुराची दैना साऱ्या जगानं पाहिली, त्याचं संरक्षण साथीनंतर वाढायला हवं होतं. ते आक्रसलं. याचा मला संताप आहे आणि तो मी लपवत नाही.

“हे परप्रांतीयांचं दुखणं, आपला काय संबंध?” असं कोणी म्हणेल, त्यानं आपल्याच भावकीकडं पाहावं. दिवाळीच्या आसपास या गोदाकाठावरून, अंबड, घनसावंगी, गेवराई या तालुक्यांतून गाड्या भरून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार अडकले होते. पट्टा पडला तरी कोपीतच बसून होते. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना गावी जायची परवानगी दिली. ज्या कारखान्याच्या आवारात सॅनिटायझरचे ड्रम भरले जात होते, त्याच कारखान्याच्या उसाच्या फडात राबलेली बाई चार घागरी पाण्यासाठी वणवण करत होती. आणि ती कोणाची? मुकादमाची. कारखान्याच्या दप्तरात तिचं नाव नाही. वर १९७९ चा कायदा तिला लागूच नव्हता, कारण कोल्हापूर याच राज्यात येतं. आपली माणसं कर्नाटकात गेली तर कायद्यात बसणार, कोल्हापूरला गेली तर नाही.

शहडोलचा मजूर जालन्यात जो होता, तोच आपण कोल्हापुरात आहोत. त्याचा ठेकेदार, आपला मुकादम. हे ज्याला कळत नाही त्याला आपल्या घराची बाजू घेता येणार नाही.

आता आक्षेप. नेहमीचेच आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर द्यायला मी तयार आहे.

पहिला: “रुळावर झोपायला त्यांना कोणी सांगितलं होतं?” हे विचारणाऱ्यानं आधी सांगावं, की ते झोपणार कुठं होते. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या एक दिवसही थांबल्या नाहीत. माणसांसाठी पहिली श्रमिक गाडी १ मे रोजी सुटली. माल हलवायची सोय पहिल्या दिवसापासून, माणूस हलवायची सोय चाळीस दिवसांनी. गाड्या बंद आहेत असं सांगितलेल्या माणसाला रूळ सुरक्षित वाटला, यात त्याचा गुन्हा शोधणाऱ्याची मला कीव येते.

दुसरा: “कारखानाच बंद, तर मालक पगार कुठून देणार?” हा प्रश्न रास्त आहे, म्हणून शांतपणे उत्तर देतो. २९ मार्च २०२० रोजी केंद्रानं आदेश काढला होता, की बंदच्या काळात मजुरी कापू नका. मालक न्यायालयात गेले. मे महिन्यातच तो आदेश मागं घेतला गेला आणि जूनमध्ये न्यायालयानं दोन्ही बाजूंनी वाटाघाटीनं मिटवा असं सांगितलं. लहान कारखानदाराची अडचण खरी होती, मी ती मानतो. पण कर्जाचे हप्ते १ मार्चपासून सहा महिने पुढं ढकलायची मुभा मिळालीच ना? करमाडनंतर चारच दिवसांनी, १२ मे रोजी, वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी लहान-मध्यम उद्योगांना तीन लाख कोटींच्या विनातारण कर्जाची घोषणा झाली. मशीनच्या हप्त्याला सवलत मिळाली. त्याच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटाला मुदतवाढ मिळत नाही, हे सवलत देताना कोणी विचारात घेतलं नाही. पूर्ण पगार जमत नसेल तर राहायची जागा, दोन वेळचं जेवण, परतीचं भाडं आणि गाडी कधी आहे याची खरी बातमी, एवढं तरी जमत होतं.

तिसरा: “आम्ही देणगी दिली.” दिलीत, पावती मिळाली, करात सूटही मिळाली. पण १० एप्रिल २०२० रोजी कंपनी व्यवहार मंत्रालयानंच खुलासा केला होता, की टाळेबंदीतली मजुरी सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खात्यात धरता येणार नाही. हंगामी, रोजंदारीच्या कामगारांना मजुरी देणं हे सगळ्याच कंपन्यांचं नैतिक आणि माणुसकीचं कर्तव्य आहे. सरकारी कागदावर हे लिहिलेलं आहे. कर्तव्य चुकवून दिलेली देणगी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवून देवळात घातलेलं अन्नदान.

चौथा आणि सर्वांत चीड आणणारा: “गेले तरी परत आलेच ना?” हो, आले. पोट घेऊन आले. त्यांच्या परत येण्यावर तुमच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या, जालन्याची सळई पुन्हा देशभर गेली. जो परत येतो त्याच्याशी कसंही वागावं, असं मानणाऱ्याला उद्योजक म्हणवून घ्यायचा अधिकार नाही.

पाचवा: “आता ई-श्रम कार्ड आहे.” ऑगस्ट २०२१ मध्ये ते सुरू झालं, कोट्यवधी मजुरांनी नोंदणी केली, चांगलं झालं. पण त्या कार्डावर मजुराची ओळख आहे. तो आज कोणाच्या गेटाच्या आत राबतो, याची जबाबदारी त्यातून कोणाच्याही अंगावर पडत नाही. मजुरानं स्वतःला नोंदवलं. आता मालकानं त्याला नोंदवायचं आहे.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांना इतिहासातलं एक पान दाखवतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती गावाकडं निघून गेली. गिरण्यांत तेव्हा पगार अडकवून ठेवायची पद्धत होती, कामगार सोडून जाऊ नये म्हणून. रोजच्या रोज मजुरी देणं परवडत नाही, असं मालक सांगत. १८९७ मध्ये हेच मालक माणसं मिळवायला नाक्यानाक्यावर बोली लावत होते आणि मजुरी रोज संध्याकाळी हातावर ठेवत होते. गरज पडली की रीत बदलते. त्याच प्लेगमध्ये, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे रुग्णांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये गेले. महिन्याभरानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले तशाच गेल्या. साथीत समाजानं काय करायचं ते या दोघांनी मरून दाखवलं. उद्योगानं काय करायचं, ते अजून कोणी करून दाखवायचं आहे.

तेव्हा मागणी साधी आहे.

एक: प्रत्येक कारखान्यानं आपल्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, घरचा फोन आणि ठेकेदाराचं नाव एकाच हजेरीपटावर ठेवावं. ठेकेदाराचा वेगळा कागद चालणार नाही. साखर कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीच्या करारात मुकादमाच्या सहीखाली टोळीतल्या प्रत्येक बाईचं आणि पुरुषाचं नाव घ्यावं.

दोन: साथीच्या काळात हप्त्याची, विजेची, कराची कोणतीही सवलत हवी असेल, तर हा हजेरीपट आधी दाखवावा. जितकी नावं, तितक्या माणसांच्या निवाऱ्याची, जेवणाची आणि परतीच्या भाड्याची हमी. हमी नाही तर सवलत नाही.

तीन: राज्यातल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारालाही परराज्यातल्या मजुराएवढंच संरक्षण मिळावं.

चार, आणि हे आपण स्वतः करायचं: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, कोयते निघायच्या आधी, गावात एक रजिस्टर उघडायचं. कोण कुठं चाललं, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, सोबत लेकरं किती. त्याची एक प्रत त्या कारखान्याला टपालानं पाठवायची आणि पोच मागायची. पोच आली की “तो आमचा नाही” म्हणायची वाट बंद झाली. आणि आपल्या शिवारात, वीटभट्टीवर, विहिरीच्या कामावर बाहेरून आलेली माणसं असतील, तर त्यांचीही नावं त्याच रजिस्टरमध्ये लिहायची. २०२० मध्ये मराठवाड्यातल्या गावोगावच्या वेशीवर काट्या पडल्या आणि बाहेरचा म्हणून आपलाच माणूस अडवला गेला. जो हक्क आपण कोल्हापूरला मागतो, तो आपल्या वेशीत आधी द्यावा लागेल.

पुढची साथ येणार आहे. ती कोणती आणि कधी, हे डॉक्टर सांगतील. तिच्यात कोणाचं नाव कोणत्या वहीत असेल, हे आपण आज ठरवू शकतो. ग्रामसभेत ठराव मांडा. सरपंच टाळत असतील तर सह्या गोळा करा. ज्याला वाचता येत नाही त्याला हे पत्रक वाचून दाखवा, आणि वाचून झालं की वडीगोद्री, शहागड, अंबड, जालना एमआयडीसी, जिथं कुठं राबणारा माणूस भेटेल तिथं पुढं द्या.